ज्येष्ठांच्या आरोग्य विम्यातले ‘जादा फायदे’: कोणता फायदा कुठे थांबतो, हे दाखल होण्याआधी कसं तपासायचं

आईच्या मोतीबिंदूच्या वेळी आम्ही पाच लाखांच्या पॉलिसीवर निर्धास्त होतो. माहितीपत्रकात ‘मोतीबिंदू शस्त्रक्रिया समाविष्ट’ असं ठळक छापलेलं होतं. ऑपरेशनच्या सकाळी, आईच्या डोळ्यात थेंब घालून झाल्यावर, विमा काउंटरवरच्या मुलीने कागद पुढे केला आणि पेनाने एक ओळ दाखवली: एका डोळ्याला जास्तीत जास्त ४०,००० रुपये. आम्ही निवडलेल्या लेन्ससकट पॅकेज ७२,००० चं होतं. ती ओळ पॉलिसीत पहिल्या दिवसापासून होती, आम्ही ती वाचलीच नव्हती.

त्यानंतर नात्यातल्या आणि शेजारच्या बऱ्याच ज्येष्ठांच्या पॉलिसी मी त्यांच्यासोबत बसून वाचल्या. चूक सगळीकडे तीच निघाली. फायद्याचं नाव वाचलं जातं, त्याच्यापुढचं वाक्य वाचलं जात नाही. मर्यादा नेमकी त्या पुढच्या वाक्यात असते. खालचा क्रम त्यासाठीच आहे. एक सुट्टीचा दिवस हाताशी ठेवा आणि टप्पे याच क्रमाने करा, कारण पुढचा टप्पा आधीच्या टप्प्यातल्या आकड्यांवर उभा आहे.

टप्पा १: योग्य कागद समोर घ्या

चार कागद लागतात.

पहिला, पॉलिसी शेड्यूल. यात नावं, वय, विमा रक्कम, पॉलिसीची सुरुवात आणि शेवट, आधीपासूनच्या आजारांची नोंद आणि घेतलेली ॲड-ऑन (वेगळा हप्ता भरून घेतलेले जादा फायदे) असतात.

दुसरा, कस्टमर इन्फर्मेशन शीट. १ जानेवारी २०२४ पासून हा कागद ठरावीक नमुन्यात देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. काय मिळतं, काय मिळत नाही, प्रतीक्षा काळ (पॉलिसी घेतल्यावर ज्या मुदतीत ठरावीक आजारांचा क्लेम मिळत नाही), उप-मर्यादा (एखाद्या उपचाराला ठरवलेली वेगळी कमाल रक्कम), को-पे (मंजूर रकमेतला आपण भरायचा हिस्सा), तक्रार कुठे करायची, हे सगळं त्यात थोडक्यात येतं. तो मराठीतून मागता येतो, आणि आई-वडिलांसाठी मागाच. स्वतःच्या भाषेत वाचल्यावर ते स्वतः प्रश्न विचारू लागतात.

तिसरा, पॉलिसीचं पूर्ण पुस्तक, म्हणजे पॉलिसी वर्डिंग. वीस-तीस पानांचं हे पुस्तक बहुधा ईमेलला जोडलेलं येतं आणि कुणी उघडत नाही. वाद झाला तर अर्थ याच पुस्तकातून लावला जातो.

चौथा, आधीच्या क्लेमचं सेटलमेंट लेटर, असेल तर. किती मागितले, किती कापले, का कापले, हे त्यात ओळीओळीने असतं. तुमची पॉलिसी प्रत्यक्षात कशी चालते, हे या पत्राइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

माहितीपत्रक आणि एजंटचा व्हॉट्सॲप मेसेज मात्र बाजूला ठेवा.

*तपासा:* शेड्यूलवर छापलेला यूआयएन (योजनेच्या आवृत्तीचा ओळख क्रमांक) आणि पॉलिसीच्या पुस्तकावरचा यूआयएन एकच आहे का? एकाच नावाच्या योजनेच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात. इंटरनेटवरून उतरवलेलं पुस्तक तुमच्या आवृत्तीचं नसेल, तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते.

*सावध:* पॉलिसी नवीन असेल तर हे वाचन पहिल्या ३० दिवसांत उरका. तो फ्री-लूक काळ आहे. अटी पटल्या नाहीत तर त्या मुदतीत पॉलिसी परत करता येते आणि ठरावीक वजावट करून पैसे परत मिळतात.

टप्पा २: मूळ संरक्षण आणि जादा फायदे वेगळे काढा

हॉस्पिटलात दाखल झाल्यावरचा खर्च हे मूळ संरक्षण. बाकी रुग्णवाहिका, रोजचा रोख भत्ता, मोफत तपासणी, ओपीडी, घरी उपचार, बोनस, विमा रक्कम पुन्हा भरून मिळणं, हे सगळं जादा फायद्यांत येतं. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक जादा फायद्यापुढे तीनपैकी एक अक्षर लिहा.

‘आ’ म्हणजे विमा रकमेच्या आतला. हे पैसे मिळाले की तेवढी विमा रक्कम कमी होते. रुग्णवाहिकेचा खर्च बहुधा यात असतो.

‘व’ म्हणजे विमा रकमेवरचा, वेगळा. वार्षिक तपासणी बऱ्याचदा यात येते.

‘ह’ म्हणजे वेगळा हप्ता भरून घेतलेला. हा फक्त शेड्यूलवर त्याचं नाव असेल तरच लागू होतो. पुस्तकात वर्णन आहे म्हणून तो आपल्याकडे आहे, असं होत नाही. कंपन्या एकाच पुस्तकात सगळी ॲड-ऑन छापतात. मी पाहिलेल्या गैरसमजांत हा फार वरचा आहे: पुस्तकात ओपीडीचं अख्खं पान असतं, घरचे वर्षभर औषधांची बिलं जपून ठेवतात, आणि शेड्यूलवर ओपीडीचा उल्लेखच नसतो.

टप्पा ३: प्रत्येक फायद्याला चार प्रश्न विचारा

वहीचं एक पान घ्या. डावीकडे फायद्याचं नाव, पुढे चार रकाने: किती, कितीदा, कधीपासून, आणि कशावर अडतो.

*किती?* रक्कम लिहिताना वाक्य शेवटपर्यंत वाचा. ‘विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते’ हे वाक्य घ्या. आरोग्य संजीवनी या सर्व कंपन्यांकडे सारख्या अटींवर मिळणाऱ्या पॉलिसीत मोतीबिंदूची मर्यादा एका डोळ्यामागे अशीच आहे. एक लाखाच्या पॉलिसीत २५ टक्के म्हणजे २५,००० होतात, म्हणून २५,०००. पाच लाखांच्या पॉलिसीत २५ टक्के म्हणजे सव्वा लाख, पण मिळणार ४०,०००. विमा रक्कम दहा लाख केली तरी ४०,०००. ‘जे कमी असेल ते’ या चार शब्दांखाली दोन रेघा ओढा.

*कितीदा?* दर दाखल होण्यामागे, दर वर्षी, दर माणसामागे की दर पॉलिसीमागे? आई-वडिलांची एकत्र फ्लोटर पॉलिसी (दोघांना मिळून एकच विमा रक्कम) असेल तर शेवटचा फरक मोठा पडतो. ‘दर पॉलिसी वर्षात एकदा’ असेल आणि वडिलांनी तो फायदा वापरला असेल, तर आईसाठी त्या वर्षी काही उरत नाही.

*कधीपासून?* प्रतीक्षा काळ. त्यासाठी पुढे वेगळा टप्पा आहे, आत्ता रकाना मोकळा ठेवा.

*कशावर अडतो?* आधी परवानगी, ठरावीक हॉस्पिटल, सलग चोवीस तास दाखल असणं, डॉक्टरांची लेखी चिठ्ठी, कंपनीच्या ॲपवरूनच बुकिंग, अशा अटी इथे लिहा.

एक भरलेली ओळ दाखवतो, आरोग्य संजीवनीतलीच. रुग्णवाहिका: २,००० रुपयांपर्यंत, दर दाखल होण्यामागे, अडतो कशावर, तर दाखल व्हावं लागतं. म्हणजे रात्री छातीत दुखलं, रुग्णवाहिकेने नेलं, ईसीजी काढून घरी पाठवलं, तर हे पैसे मिळत नाहीत. ‘पर्यंत’ या शब्दाचाही अर्थ लक्षात ठेवा. प्रत्यक्ष खर्च १,२०० झाला असेल तर १,२०० च मिळतात.

*सावध:* एखादा आकडा सापडला नाही तर रकाना अंदाजाने भरू नका. प्रश्नचिन्ह टाका. टप्पा ७ मध्ये ही प्रश्नचिन्हं कंपनीला लेखी पाठवायची आहेत.

टप्पा ४: खोलीचं भाडं आणि को-पे यांचा हिशेब स्वतः करून पाहा

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात, म्हणून इथे रेंगाळा.

बऱ्याच ज्येष्ठ पॉलिसींत खोलीच्या भाड्याला मर्यादा असते. कधी टक्क्यांत, कधी रकमेत, कधी खोलीच्या प्रकारात. आरोग्य संजीवनीत ती विमा रकमेच्या २ टक्के, पण रोज कमाल ५,००० रुपये आहे. अतिदक्षता विभागासाठी ५ टक्के, कमाल १०,०००. लोकांना वाटतं, खोली ८,००० ची घेतली तर रोजचे वरचे ३,००० आपण भरू, झालं. तसं होत नाही. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की खोलीशी जोडलेले इतर खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. सर्जनची फी, भूल, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या फेऱ्या, कारण हॉस्पिटलं हे दर खोलीच्या श्रेणीनुसार लावतात.

एक काल्पनिक बिल घेऊ. मर्यादा रोज ५,०००, को-पे २० टक्के, खोली ८,००० ची, पाच दिवस.

- खोली: ४०,००० रुपये
- सर्जन, भूल, थिएटर, नर्सिंग, फेऱ्या: १,००,००० रुपये
- औषधं, तपासण्या, इम्प्लांट: ९०,००० रुपये
- हातमोजे, फाइल, टॉयलेटरी वगैरे न मिळणाऱ्या वस्तू: १०,००० रुपये
- एकूण: २,४०,००० रुपये

आता कापाकापी. खोलीचे २५,००० मंजूर. पाच हजाराला आठ हजाराने भागलं तर प्रमाण साडेबासष्ट टक्के येतं, म्हणून एक लाखाचे ६२,५०० मंजूर. औषधं, तपासण्या, इम्प्लांटचे ९०,००० पूर्ण. वस्तूंचे शून्य. बेरीज १,७७,५००. त्यावर २० टक्के को-पे, म्हणजे ३५,५०० आपले. कंपनी देणार १,४२,०००. आपल्या खिशातून ९८,०००.

तीच शस्त्रक्रिया ५,००० च्या खोलीत झाली आणि त्या श्रेणीचे दर त्याच प्रमाणात कमी असले, तर बिलच १,८७,५०० चं होतं. कंपनी तेव्हाही १,४२,००० च देते. आपल्याला पडतात ४५,५००. तीन हजारांच्या फरकाच्या खोलीने पाच दिवसांत ५२,५०० रुपये जास्त नेले. वडिलांना चांगल्या खोलीत ठेवावं असं कुणालाही वाटतं. ठेवाही, पण हा आकडा माहीत असताना ठेवा.

*तपासा:* ‘असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस’ची व्याख्या पुस्तकात शोधा. २०२० साली विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, घालून दिलेल्या व्याख्येनुसार औषधं व वापराच्या वस्तू, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर ही प्रमाणशीर कपात लागत नाही; अतिदक्षता विभागाच्या शुल्कालाही लागत नाही. ज्या हॉस्पिटलात खोलीनुसार दर बदलत नाहीत, तिथेही ती करता येत नाही. सेटलमेंट लेटरमध्ये औषधांवर कपात दिसली तर कारण विचारा.

*सावध:* मर्यादा ‘सिंगल प्रायव्हेट एसी खोली’ अशी शब्दांत असेल तर त्या हॉस्पिटलातल्या त्या प्रकारातली सर्वांत स्वस्त खोली धरतात का, हे विचारा. ‘डिलक्स’ पाटी लावलेली खोलीही सिंगलच असते, पण विमा तिला तसं मोजेलच असं नाही.

को-पे सरसकट आहे की अटींवर, हेही पाहा. काही पॉलिसींत ठरावीक वयानंतर पॉलिसी घेतली तर, काहींत छोट्या शहरातला हप्ता भरून मोठ्या शहरात उपचार घेतले तर, काहींत नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे कंपनीशी करार नसलेल्या, हॉस्पिटलात गेलं तर को-पे लागतो. कधी दोन को-पे एकत्र लागतात.

टप्पा ५: जिथे हमखास चुकतं, ते फायदे एकेक करून पाहा

*विमा रक्कम पुन्हा भरून मिळणं.* रिस्टोरेशन, रिफिल, रिचार्ज, नावं वेगवेगळी. ‘पाच लाख संपले तर आणखी पाच लाख’ असं सांगून पॉलिसी विकली जाते. तीन गोष्टी शोधा. रक्कम पूर्ण संपल्यावरच भरते की थोडी वापरली तरी? त्याच आजारासाठी चालते की फक्त वेगळ्या आजारासाठी? एकाच दाखल होण्यात वापरता येते की पुढच्या वेळीच? ज्येष्ठांच्या बाबतीत दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. उतारवयात माणूस वर्षात दुसऱ्यांदा दाखल होतो तो बहुधा त्याच हृदयासाठी, त्याच मूत्रपिंडासाठी, त्याच फुफ्फुसासाठी. जूनमध्ये हृदयाच्या उपचारात तीन लाख गेले, नोव्हेंबरमध्ये पुन्हा हृदयासाठीच दाखल केलं, आणि अट ‘वेगळा आजार’ अशी असेल, तर हातात उरलेले दोन लाखच. न वापरलेली भरपाई पुढच्या वर्षी जात नाही, हेही लक्षात असू द्या.

*बोनस.* क्लेम न केल्यास दर वर्षी विमा रक्कम वाढते. आरोग्य संजीवनीत दर वर्षी ५ टक्के, कमाल ५० टक्के. क्लेम केला की त्याच दराने कमी होते. ही वाढ संरक्षणात होते, रोख रकमेत नाही. आणि खोलीच्या भाड्याचे किंवा आजाराच्या उप-मर्यादेचे टक्के बहुतेक पॉलिसींत मूळ विमा रकमेवर मोजतात, बोनस धरून वाढलेल्या रकमेवर नाही. पाच लाखांची पॉलिसी साडेसात लाखांची झाली म्हणून खोलीही मोठी मिळेल, असं गृहीत धरू नका.

*मोफत तपासणी.* दर वर्षी की ठरावीक क्लेमविरहित वर्षांनंतर? दोघांना की एकाला? रोख परतफेड की कंपनीने ठरवलेल्या लॅबमध्येच? बाहेर तपासण्या करून बिल पाठवणाऱ्यांना नकार येतो तो बहुधा या शेवटच्या अटीमुळे. न केलेली तपासणी साठत नाही, म्हणून रिन्यूअलच्या दोन महिने आधीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

*रोजचा रोख भत्ता.* पूर्ण चोवीस तासांचा एक दिवस मोजतात. पहिला दिवस सोडून देण्याची अट असू शकते, आणि वर्षात कमाल किती दिवस हेही ठरलेलं असतं. सोमवारी संध्याकाळी दाखल, गुरुवारी सकाळी घरी. आपण चार दिवस मोजतो. पूर्ण चोवीस तासांचे दोनच दिवस भरतात, आणि पहिला वजा असेल तर एक.

*घरी उपचार.* इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. डोमिसिलिअरी उपचार म्हणजे हॉस्पिटलात ठेवण्यासारखाच आजार, पण रुग्ण हलवण्याच्या स्थितीत नाही किंवा हॉस्पिटलात जागा नाही म्हणून घरी केलेले उपचार. त्याला सहसा किमान तीन दिवसांची अट असते आणि दमा, मधुमेह, उच्च रक्तदाब असे आजार बऱ्याच पॉलिसींत त्यातून वगळलेले असतात. होम केअर म्हणजे डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याने, कंपनीच्या परवानगीने, ठरावीक आजारांसाठी घरी दिलेली सेवा. आजीला सांभाळायला ठेवलेल्या ताई किंवा आयाबाईंचा पगार या दोन्हींत बसत नाही. घराघरांत मला हाच प्रश्न पहिल्यांदा विचारतात, म्हणून स्पष्ट लिहितो.

*ओपीडी, दात, चष्मा, श्रवणयंत्र.* ॲड-ऑन नसेल तर सहसा नाही. असेल तर वार्षिक रक्कम आणि आपण भरणार तो जादा हप्ता शेजारी-शेजारी लिहा. वर्षाला मिळणारी कमाल रक्कम आणि हप्ता यांत फारसा फरक नसेल, तर तो घेण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

टप्पा ६: तारखांचं पान बनवा

आता ‘कधीपासून’ हा रकाना भरा. नव्या पॉलिसीत अपघात सोडून पहिले ३० दिवस आजारावर क्लेम नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणं अशा नावानिशी दिलेल्या आजारांना आणि आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षा काळ असतो. २०२४ च्या नियमांनुसार तो ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पॉलिसी सलग ६० महिने चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवली या कारणाने क्लेम नाकारता येत नाही.

तारखा मोजताना दोन चुका होतात. विमा रक्कम तीनवरून पाच लाख केली तर वाढलेल्या दोन लाखांचा प्रतीक्षा काळ वाढवल्या दिवसापासून नव्याने सुरू होतो. पानावर दोन वेगळ्या तारखा लिहा. दुसरी चूक रिन्यूअलची. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मुदत असते. त्यात हप्ता भरला तर पॉलिसी सलग धरतात, पण मधल्या दिवसांत दाखल व्हावं लागलं तर त्या दिवसांचं संरक्षण मिळत नाही. मुदतही उलटली, तर साठलेला बोनस आणि पूर्ण केलेला प्रतीक्षा काळ दोन्ही हातचे जातात.

*सावध:* मर्यादा फारच जाचक वाटल्या आणि कंपनी बदलायची असेल, तर पोर्टिंगचा अर्ज रिन्यूअलच्या तारखेआधी ६० ते ४५ दिवसांच्या खिडकीत करा. नवी कंपनी वय आणि आजार पाहून नकार देऊ शकते. तिचा लेखी होकार हाती येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका.

टप्पा ७: प्रश्नचिन्हं कंपनीला लेखी पाठवा

फोनवर विचारलं तर उत्तर हवेत विरतं. कंपनीच्या अधिकृत ईमेलवर लिहा, साधं लिहा:

‘पॉलिसी क्रमांक अमुक. वडील, वय ७१. डॉक्टरांनी उजवा गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया सांगितली आहे. १) या शस्त्रक्रियेचा प्रतीक्षा काळ पूर्ण झाला आहे का, कोणत्या तारखेला? २) इम्प्लांटसह या शस्त्रक्रियेला काही उप-मर्यादा आहे का? ३) खोलीच्या भाड्याची मर्यादा आज किती? ४) को-पे किती टक्के आणि कशावर? ५) घरी आल्यावरची फिजिओथेरपी धरली जाते का, किती दिवस? कृपया संबंधित क्लॉजचे क्रमांक द्यावेत.’

शेवटचं वाक्य गाळू नका. क्लॉजचा क्रमांक मागितला की उत्तर देणाऱ्याला पुस्तक उघडावं लागतं. आलेलं उत्तर छापून पॉलिसीच्या फाइलला लावा.

घरात ७० वर्षांवरचं कुणी असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड आहे का, हेही याच वेळी पाहा. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता, खासगी विमा असला तरी, सत्तरी पार केलेल्यांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या हॉस्पिटलांत मिळतात. रक्कम कुटुंबाला आहे. आई-वडील दोघं सत्तरीपुढचे असतील तर ते पाच लाख दोघांत वाटले जातात. ओपीडी यातही नाही.

टप्पा ८: दाखल होताना आणि घरी येताना

ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेची सूचना किमान ४८ तास आधी द्या, आणि तातडीने दाखल व्हावं लागलं तर पहिल्या २४ तासांत. काही पॉलिसींत मुदत वेगळी असते, ती पानावर लिहिलेली असू द्या. कॅशलेसची (कंपनीने थेट हॉस्पिटलला पैसे देण्याची) परवानगी मागितल्यापासून एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. तीन तासांपुढच्या उशिरामुळे हॉस्पिटलने जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा आहे. काउंटरवर बसलेल्या मुलाने किंवा सुनेने मागणी पाठवल्याची वेळ लिहून ठेवावी.

परवानगीचं पत्र आलं की फक्त वरचा आकडा पाहून उठू नका. पहिली मंजुरी बहुधा अंशतः असते, आणि खाली कपातीची कारणं असतात. ती आपल्या पानाशी ताडून पाहा. डिस्चार्ज समरीत आजाराचं नाव, किती काळापासून आहे आणि दाखल-सुटकेची वेळ बरोबर आहे का, हे हॉस्पिटल सोडण्याआधी वाचा. ‘तीन वर्षांपासून मधुमेह’च्या जागी ‘तेरा वर्षांपासून’ असं टाइप झालं, तर पुढचे काही महिने ते दुरुस्त करण्यात जातात.

घरी आल्यावर फाइल कपाटात टाकू नका. दाखल होण्याआधीच्या आणि नंतरच्या खर्चाचाही फायदा असतो. आरोग्य संजीवनीत आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस. त्याच आजाराशी जोडलेल्या तपासण्या आणि औषधं त्यात येतात, पण डॉक्टरांची चिठ्ठी आणि तारखेचं बिल दोन्ही हवं. कॅशलेस झालं की क्लेम संपला असं समजून कितीतरी घरं हे पैसे सोडून देतात.

टप्पा ९: चुकीचं कापलं असेल तर

आधी सेटलमेंट लेटरमधली प्रत्येक कपात क्लॉजशी जुळवा. क्लेम नाकारताना कंपनीने नेमकी कोणती अट लागू झाली हे सांगायला हवं, आणि तो निर्णय कंपनीच्या क्लेम पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. कारण मोघम असेल तर तेच पहिल्या पत्रात विचारा.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, लेखी, पोच घेऊन. सोबत आयआरडीएआयच्या बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर नोंदवा किंवा १५५२५५ या क्रमांकावर. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात कार्यालयं आहेत. शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अर्जाला टप्पा ७ मधलं ईमेल आणि त्याचं उत्तर आधी जोडा, मग बिलं.

पैसे मिळोत वा न मिळोत, वहीचं पान त्याच दिवशी अद्ययावत करा: या वर्षी कोणता फायदा किती वापरला, विमा रक्कम किती उरली, बोनस किती घटला, कोणत्या डोळ्याचं झालं आणि कोणत्याचं बाकी आहे. पानाचा फोटो काढून भावंडांच्या ग्रुपवर टाका, आणि मूळ पान पॉलिसीच्या फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा.